गेरू न लावता या

उदगीरच्या स्टेशन रोडला वळलं की आधी वार्निशचा वास येतो, मग दुकान दिसतं. दारात दोन-चार विजेच्या मोटारी पोट उघडून पडलेल्या, आत भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि पाटीवर अजून वडिलांचंच नाव: चंद्रप्पा मोटार रिवाइंडिंग. चंद्रप्पा जाऊन पाच वर्षं झाली. आता लाकडी स्टुलावर त्यांची लेक शिवकांता बसते. वय पस्तीस, बोटांच्या टोकांना तारेचे घट्टे, साडीवरून वडिलांचा जुना खाकी शर्ट. गिऱ्हाइकं तिला शिवाक्का म्हणतात. शेजारी जमिनीवर पाय पसरून तिची आई, रत्नम्मा, कात्रीने इन्सुलेशनचा कागद कापत बसलेली असते. तिच्या पट्ट्या मोजपट्टीशिवाय एकसारख्या निघतात, आणि तोंड कात्रीपेक्षा जास्त चालतं.

या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली असायची. काय जळलं, कशामुळे जळलं, आणि पुढे काय जपायचं, एवढंच त्यावर. "विहिरीत पाणी नसताना चालवली. पुन्हा तसं करू नका." "एक फेज गेली होती. स्टार्टर बघून घ्या, न्हाईतर परत जळंल." ही रीत चंद्रप्पांनी पाडली आणि लेकीने एकाही मोटारीला ती मोडली नाही. ज्यांना रिवाइंड केलेली मोटार रंग मारून नवी म्हणून खपवायची असे, ते लोक या दुकानाची पायरी चढत नसत.

शिवकांताचं लग्न तेविसाव्या वर्षी नांदेडला झालं होतं. नवरा धोंडप्पा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर. सहा वर्षं संसार झाला. त्यात मूल झालं नाही, भांडणं मात्र झाली, आणि शेवटी सोडचिठ्ठी झाली; धोंडप्पाने मग दुसरं लग्न केलं. ती उदगीरला परत आली तेव्हा चंद्रप्पांनी काही विचारलं नाही. एक जळालेली पाणबुडी मोटार पुढे सरकवली आणि म्हणाले, "उघड."

नागीण पहिल्यांदा निघाली ती चंद्रप्पांच्या दिवसकार्यानंतर. उजव्या कुल्ह्यावर, वरच्या बाजूला, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा एक पुंजका. आधी मुंग्या, मग आग, मग फोड. रत्नम्माने बघितलं आणि लगेच निकाल दिला.

"नागीण हाय. तोंड अन् शेपूट भेटायच्या आत बांधून टाकाय पायजे."

नागीण बांधायची म्हणजे गेरू लावायचा. जवळच्या खेड्यातले ईश्वरप्पा गेरूवर मंत्र घालून देत. फोड कुठे आहेत ते त्यांना दाखवावंही लागत नसे, सांगितलं तरी पुरे. रत्नम्मा जाऊन गेरूचा खडा घेऊन आली, तो पाण्यात उगाळला, आणि लेकीच्या कुल्ह्यावर फोडांभोवती असं लाल कुंपण घातलं की नागिणीला वळायला जागा उरू नये. दहा दिवसांत फोड वाळून गेले. रत्नम्माने ईश्वरप्पांना नारळ नेऊन दिला.

सहा महिन्यांनी नागीण परत आली, त्याच जागी. पुन्हा गेरू, पुन्हा दहा दिवस, पुन्हा नारळ. मग ती वर्षाला तीन-चारदा येऊ लागली. रत्नम्माने गेरूसाठी जुनी कुंकवाची डबीच काढून ठेवली. शिवकांता मुकाट्याने लावून घ्यायची. आईला न सांगितलेली गोष्ट एकच होती. दोनदा फोड कुल्ह्यावर नव्हते. जिथे आईच्या हाताने गेरू लावायचा प्रश्नच येत नाही, अशा जागी होते. त्या दिवसांत लघवीला बसताना ती दातांत पदर धरायची.

आणि एक गोष्ट तिच्या डोक्यातल्या मिस्त्रीला खटकत होती. मोटारीच्या एका स्लॉटमध्ये कॉइल जळाली, ती काढून नवी भरली, आणि ती नवीही त्याच स्लॉटमध्ये जळाली, तर दोष कॉइलचा नसतो. गेरू लावून जे जातं ते पुन्हा त्याच जागी का येतं? ईश्वरप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्यावर लई माया हाय तिची."

एवढ्या मायेने तिने अजून काही वर्षंही काढली असती. पण मध्ये सोमेश आला.

सोमेश लातूरच्या एका डाळमिलमध्ये मशीन सांभाळायचा. छत्तीस वर्षांचा, चार वर्षांपूर्वी बायको गेलेली, घरात तो आणि त्याचे वडील माणिकप्पा. लातूरला वाइंडिंगवाले कमी नव्हते, तरी मिलची मोटार जळाली की तो टेम्पोत घालून उदगीरला यायचा. कारण विचारलं तर सांगायचा, "हितं मोटारीसंगं शिव्याबी लिहून मिळतेत." सगळे शिवाक्का म्हणत, हा एकटा तिला "मिस्त्री" म्हणायचा. दिवाळीनंतर एका रविवारी तो आला, पण टेम्पो नव्हता.

"आज मोटार आणली न्हाई?" शिवकांताने विचारलं.

"न्हाई. आज मीच आलोय."

रत्नम्माची कात्री थांबली. दुसऱ्या दिवशी माणिकप्पांचा फोन आला, लिंगायतांच्या नमस्काराने सुरू झालेला. "शरणार्थी, रत्नम्माबाई. दोघं जाणती हायती. आपण फक्त कुंकवाचा दिवस धरायचा." महाशिवरात्रीनंतरचा पहिला सोमवार सगळ्यांना पसंत पडला. शिवकांताही मनात हो म्हणाली होती. तोंडाने मात्र ती म्हणाली, "रब्बीचा सीझन हाय. मोटारींचा ढीग पडलाय. तेवढा उरकू द्या, मग पक्कं सांगते."

सीझन खरा होता, पण कारण ते नव्हतं. त्याच आठवड्यात नागीण पुन्हा आली होती. आणि तिला नांदेडमधला एक दिवस आठवला होता. धोंडप्पा भांडता भांडता म्हणाला होता, "तुझ्या अंगातच घाण हाय." तेव्हा तिने ते भांडणातलं बोलणं समजून सोडलं होतं. आता प्रश्न सोमेशचा होता. हे जर एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाणारं असेल, तर कुंकू लागायच्या आधी त्याला सांगायला हवं. आणि सांगायचं तर आधी आपल्याला माहीत हवं. न तपासता चिठ्ठी कशी लिहिणार?

उदगीरमध्ये दाखवायची सोय नव्हती. इथला प्रत्येक कंपाउंडर तिचं गिऱ्हाईक. नांदेडचं नाव नको होतं. उरलं लातूर. मिलच्या मोटारीसाठी तार आणायला जाते असं आईला सांगून ती नळेगावमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली आणि दवाखान्याच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' वाचून दोनदा पुढे निघून गेली. तिसऱ्यांदा जिना चढली.

डॉक्टर तनुजा मॅडम तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पडदा ओढला आणि बघितलं.

"हे काय लावलंय? रंगपंचमी खेळून आलात का?"

"गेरू हाय. नागिणीला."

"किती दिवस झाले फोडांना?"

"सात. आता वाळत आले."

मॅडमनी हातमोजे काढले आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या. त्यांनी जे प्रश्न विचारले, ते शिवकांताला कुणी कधी विचारले नव्हते. फोड दुसऱ्या जागीही येतात का? लग्न झालंय का, नवऱ्याशिवाय आणखी कुणाशी संबंध आला का, नवऱ्याला कधी असं काही झालं होतं का? विचारण्यात ना खोचक सूर होता, ना दया. हिच्याच टेबलावर मोटार उघडावी तसं सरळ काम होतं. शिवकांताने सगळं सांगितलं. दातांत पदर धरलेले दिवसही.

"नागीण म्हणजे कांजिण्यांचा विषाणू," मॅडम म्हणाल्या. "ती बहुतेकांना एकदाच येते. एकाच जागी वर्षातून तीन-चारदा येते म्हटल्यावर मला दुसरीच शंका येते. जननेंद्रियांचा हर्पीस. तो खाली, मांडीवर, कुल्ह्यावर कुठेही फोड आणतो. पण शंका म्हणजे निदान नव्हे. ताज्या फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तपासावं लागतं. तुमचे फोड वाळलेत, वर गेरूचा गिलावा. आता काडी फिरवली तर रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि तो खोटा असेल."

"रक्तातनं कळत न्हाई का?"

"रक्त सांगतं की विषाणू कधीतरी अंगात शिरला होता. फोड त्याचेच आहेत का, हे नाही सांगत. कधी कधी उगाच घोळ घालतं. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त आजच घेते, ते बघायलाच हवं. पण या फोडांसाठी पुढच्या वेळी या. पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी. आणि गेरू न लावता या."

त्या रक्ताच्या तपासण्या दोन दिवसांत निर्धोक आल्या. मोठं काम राहिलं. शिवकांताला आता आजाराची वाट बघायची होती.

तीन वर्षं जी न बोलावता आली, ती बोलावल्यावर येईना. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. शिवकांता रोज अंघोळीला गेली की आरशाचा तुकडा धरून मान वाकडी करून बघायची. जागरणाने येते असं ऐकलं होतं, म्हणून पहाटे चारला उठून कॉइली भरायला बसली. उन्हाने येते म्हणून भर दुपारी बाहेर बसून मोटारी उघडल्या. उष्णतेने येते म्हणून शेंगदाणे आणि गूळ खाल्ला. वजन वाढलं, नागीण आली नाही.

रत्नम्मा बघत होती. "लगीन ठरून राहिलंय अन् पोरगी उन्हात बसून गूळ खाऊन राहिली. नजर काढू का?"

सोमेशचा आठवड्याला एक फोन यायचा. "मिस्त्री, सीझन संपला का?"

"एक मोटार राहिलीया."

"आमच्या हाताखालची असती तर आतापातूर भंगारात घातली असती."

"म्हणूनच तुमच्या मोटारी जळतेत," ती म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू पुसायची नाही.

शिवरात्रीला तीन आठवडे राहिले असताना, एका बुधवारी सकाळी, स्टुलावर बसल्या बसल्या तिला उजव्या कुल्ह्यात मुंग्या जाणवल्या. तिने हातातली तार खाली ठेवली. थोडं थांबली. पुन्हा मुंग्या. ती अशी ताडकन उठली की रीळ घरंगळत रस्त्यावर गेलं.

"आली! अव्वा, आली!"

"कोण आली गं? माणिकप्पा आले का?"

"नागीण!"

रत्नम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठली ती थेट गेरूच्या डबीकडे. शिवकांताने डबी तिच्या आधी उचलली आणि छातीशी धरली.

"हात लावायचा न्हाई अव्वा. ह्या वेळी न्हाई."

"येडी झालीस का? बांधली न्हाई तर फिरंल ती!"

मग सांगावंच लागलं. शटर अर्धं खाली ओढून, वार्निशच्या वासात, लेकीने आईला सगळं सांगितलं. मॅडमची शंका, काडी, नांदेड, आणि गेरू कधीच न पोचलेल्या जागेचीही गोष्ट. रत्नम्मा ऐकत राहिली. तिच्या मांडीवरचा इन्सुलेशनचा कागद चुरगळला गेला, जे तिच्या हातून कधी होत नसे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "एवढं दुखत होतं तर सांगाचं न्हाई व्हय मला?" आणि जरा वेळाने, "उद्याच्याला मीबी येनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशाच्या तुकड्यात फोड दिसले, मोत्यांसारखे, न फुटलेले. पहिल्या एसटीने दोघी लातूरला निघाल्या. रत्नम्माने गेरूची डबी कमरेच्या चंचीत आणलीच होती. "तपासून झाल्यावर लावता यील की," म्हणाली.

मॅडमनी एक फोड हलकेच फोडला, काडी फिरवली. आगीचा एक चटका बसला आणि झालं. काडी नळीत गेली, नळीवर नाव लागलं. तीन महिने ज्याची वाट बघितली ते काम एक मिनिटाचं निघालं. गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या, पाच दिवस.

रत्नम्मा खुर्चीच्या कडेवर बसली होती, खुर्चीलाही काही लागेल अशा बेताने. तिने दबक्या आवाजात विचारलं, "डाक्टरीनबाई, हिची कापडं येगळी धुवायची का? ताट येगळं?"

"काही वेगळं नाही. ताटाने, कपड्याने, संडासाने हे लागत नाही. त्वचेला त्वचा लागली, फोड घासले गेले, संबंध आला, तर लागतं. तुम्हाला ताप आला की ओठाच्या कडेला फोड येतात का हो कधी?"

"येतेत की. लहानपणापासनं. गणपतीच्या टायमाला हमखास."

"तोही हर्पीसच. या विषाणूचा भाऊ. तुमची ती नागीण, कांजिण्या, ओठावरचं हे, आणि मुलीच्या फोडांत मला ज्याची शंका आहे तो, सगळी एकाच घराण्यातली मंडळी."

रत्नम्मा सावकाश खुर्चीत मागे रेलली. "म्हंजी भावकीच की आमची!" आणि मग लेकीकडे वळून, "मग माझा फोड चांगला अन् तुझा वंगाळ, हे कुणी ठरिवलं?"

चार दिवसांनी फोनवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह, टाइप टू.

माहीत होतं तरी शिवकांता दिवसभर काम करू शकली नाही. दुपारी तिने मॅडमना परत फोन लावला आणि दोनच गोष्टी विचारल्या. हे मुळापासून जाईल का? आणि कुणाकडून आलं?

"मुळापासून नाही जात. मज्जातंतूत मुक्काम करून राहतो. पण वर्षं जातात तसा त्याचा जोर कमी होतो, आणि गोळीने आणखी कमी होतो. यात जीव जात नाही, मूल व्हायला अडत नाही. कुणाकडून ते मी सांगू शकत नाही, शिवकांता. हा वर्षानुवर्षं गप्प बसतो. देणाऱ्यालाही माहीत नसतं पुष्कळदा."

तरी तिला नांदेडचा तो दिवस पुन्हा पुन्हा आठवत होता. घाण म्हणाला होता. तिने फोन काढला, चारदा लिहून पुसलं, आणि शेवटी दुकानाच्या चिठ्ठीसारखं कोरडं लिहिलं: "मला जननेंद्रियाचा हर्पीस निघाला. तुमच्या अंगात असू शकतो. तपासून घ्या. नवीन बायकोलापण दाखवा." मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि थोड्या वेळाने धोंडप्पाचा फोटो दिसेनासा झाला. त्याने तिला ब्लॉक केलं होतं. शिवकांताने फोन उपडा ठेवला. आपलं काम तिने केलं होतं. उरलेलं त्याचं.

रविवारी तिने सोमेशला बोलावलं. "सीझन संपला," एवढंच सांगितलं. तो हसत आला, हातात पेढे. रत्नम्मा चहा ठेवून आत गेली, पण भांड्यांचा आवाज मुद्दाम करत राहिली, ऐकत नाही हे कळावं म्हणून.

शिवकांताने वाक्यं पाठ केली होती. स्टुलावर बसली, हात मांडीवर घट्ट धरले आणि सांगायला लागली. रोगाचं नाव, डॉक्टर मॅडमचं नाव, काडी, रिपोर्ट. फोड असताना जवळ यायचं नाही. फोड नसतानाही लागू शकतं. कंडोम आणि रोजची गोळी घेतली तर धोका बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. सगळं बोलून झाल्यावर पाठ केलेलं संपलं आणि जे पाठ नव्हतं ते तोंडून निघालं.

"आमच्याकडं रिवाइंड केलेली मोटार नवी म्हणून देत न्हाईत. घेणाऱ्यानं चिठ्ठी वाचून ठरवायचं."

सोमेशच्या हातातला चहा निवला होता. तो तिच्याकडे न बघता दारातल्या मोटारींकडे बघत होता.

"मी मोटार न्यायला आलो न्हाई, मिस्त्री," तो हळू म्हणाला. कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेला. पेढ्यांचा पुडा स्टुलाशेजारी तसाच राहिला.

त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा? शिवकांताने आठवडाभर दोन्ही बाजूंनी लावून बघितला. एकदा तो प्रेमाचा वाटायचा, एकदा निरोपाचा. फोन आला नाही. शिवरात्र पाच दिवसांवर आली. माणिकप्पांकडूनही काही नाही.

रत्नम्मा कागद कापता कापता पुटपुटली, "बापानं चिठ्ठी बांधायची खोड लावली. मानसाला कुणी चिठ्ठी बांधतं का? लगीन झाल्यावर सांगितलं असतं हळूच."

"अन् तोवर त्यांना लागलं असतं तर?"

रत्नम्मा पुढची पट्टी कापायला लागली. पण पेढ्यांचा पुडा तिने कुणाला उघडू दिला नाही. देवळीत ठेवला, विभूतीच्या डबीशेजारी.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुकानापुढे टेम्पो थांबला. मागे मिलची वीस एचपीची मोटार होती, पण सोमेशने उतरून मोटारीकडे बघितलंही नाही. शिवकांता सवयीने उठली.

"काय जळलं?"

"काईच न्हाई. बेअरिंग आवाज करतंय. यायला कारण पायजे होतं." त्याने खिशातून मिलचा एक गेटपास काढला. पाठीमागे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. "मी उठून गेलो ते चुकलंच. पण मला उत्तर ठावं नव्हतं, अन् तुमच्या दुकानात न तपासता बोलाय भ्या वाटतं. म्हणून त्या डाक्टर मॅडमकडं गेलो."

"माझं विचारलंत?"

"विचारलं. त्या म्हणल्या, दुसऱ्याबद्दल एक अक्षर सांगणार न्हाई, स्वतःबद्दल काय ते विचारा. मग मी माझंच विचारलं. माझं रक्त दिलं. माझ्या अंगात काय हाय ते मला तरी कुठं माहीत होतं?" त्याने गेटपास डोळ्यांजवळ धरला. "एचआयव्ही न्हाई, ते दुसरंबी न्हाई. तुमचा टाइप टू न्हाई. टाइप वन हाय, ओठावरचा."

आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि रत्नम्माचा आवाज आला, "आमच्या भावकीतला निघाला गं!"

शिवकांताला हसू आलं ते तिने दाबलं. अजून मुख्य गोष्ट राहिली होती. "म्हंजी तुम्हाला माझा लागू शकतो."

"लागू शकतो."

"भीती वाटत न्हाई?"

"वाटती. न्हाई कशाला म्हणू?" सोमेश मोटारीच्या कडेला टेकला. "मॅडमला म्हणलं, शून्य करा. त्या म्हणल्या, शून्य होत न्हाई, कमी होतं. मग आठ दिवस मिलमध्ये फिरून बघितलं. आमच्या हितं शून्य धोक्याचा एकबी पट्टा न्हाई. जाळी लावतो, लाल दिवा लागला की हात काढतो, अन् डाळ तर रोज निघती. माझी पहिली गेली तिला कावीळ होती. तिनं दोन महिने सांगितलं न्हाई, मला त्रास नको म्हणून. तुम्ही कुंकवाच्या आधी सांगितलं." त्याने गेटपास घडी करून खिशात ठेवला. "फक्त एक करा. मला मोटार म्हणू नका, अन् स्वतःलाबी."

शिवकांताने पान्हा घेतला, मोटारीचं झाकण उघडलं आणि बेअरिंगवर बोट फिरवलं.

"ग्रीस घातलंच न्हाई तुम्ही. वर्ष झालं असंल."

"लिहा चिठ्ठीत."

"लिहिते. सोमवारी कुंकवाला आला की घेऊन जा."

पेढ्यांचा पुडा उघडला तेव्हा पेढे दगड झाले होते. तिघांनी ते चहात बुडवून खाल्ले.

आता लग्नाला दोन वर्षं होतील. सोमेश लातूरची मिल सोडून उदगीरच्या मिलमध्ये आला, आणि संध्याकाळी दुकानात बसून बेअरिंगं बसवतो. विभूतीच्या डबीशेजारी गोळ्यांची पट्टी असते. भस्म लावायचं आणि गोळी घ्यायची, एका दमात दोन्ही. दुकानात लाइनवर काम करताना लटकवायची एक लाल पाटी आहे, 'लाइन बंद'. मुंग्या जाणवल्या की शिवकांता ती पाटी आतल्या खोलीच्या खिळ्याला अडकवते. मागच्या वर्षात ती दोनदाच लागली. दुसऱ्यांदा फोड वाळून गेले तरी ती पाटी काढायची विसरली, तर सोमेशने खाली खडूने लिहिलं, "महावितरणला तक्रार करावी काय?"

सगळेच दिवस असे हसण्यावारी जात नाहीत. सोमेशच्या मांडीला एकदा घामोळं उठलं तेव्हा दोघंही दोन दिवस गप्प होते. शिवकांताच्या हातून त्या दिवशी एक कॉइल उलटी भरली गेली. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच म्हटलं, "चला, मॅडमला दाखवून येऊ." घामोळंच निघालं. येताना एसटीत तो गाढ झोपला, तिच्या खांद्यावर डोकं टाकून.

सध्या शिवकांताला पाचवा महिना चालू आहे. बाळंतपणाच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी नर्सने कागद पुढे केला. त्यात 'पूर्वीचे आजार' असा रकाना होता. बरोबरच्या बायका तिथे सरळ रेघ मारत होत्या. रत्नम्मा कानाशी कुजबुजली, "उदगीरचा दवाखाना हाय गं, समदे वळखीचे." शिवकांताने पेन घेतलं आणि चिठ्ठीवर लिहायची तसं सुटं, ठळक अक्षर काढलं. आजाराचं नाव, कधीपासून, कोणती गोळी, शेवटचे फोड कधी. खाली लिहिलं: "कळा सुरू होताना मुंग्या किंवा फोड असले तर आधी सांगेन."

डॉक्टरबाईंनी वाचलं, मान हलवली. "बरं झालं लिहिलंत. बऱ्याच जणी लिहीत नाहीत, मग ऐन वेळी आमची धावपळ. हे तुम्हाला आधीपासून आहे, त्यामुळे बाळाला धोका फार कमी. शेवटच्या महिन्यात गोळी वाढवू. फोड असले तरच सिझेरियनचा विचार करू. चला, झोपा, ठोके ऐकू या."

घरी आल्यावर रत्नम्माने ती जुनी कुंकवाची डबी काढली. तळाशी ईश्वरप्पांच्या गेरूचा अर्धा खडा उरला होता. तिने तो वाटीत भिजवला, दुकानाच्या उंबऱ्याशी बसली आणि काठाकाठाने लाल पट्टा ओढायला लागली. इन्सुलेशनच्या पट्टीसारखा सरळ, मोजपट्टी न लावता.

सोमेश मिलमधून आला आणि दारातच थबकला. "अव्वा, आत येऊ का? का नागीण बांधून राहिलाव?"

"ओलं हाय, वलांडून ये," रत्नम्मा वर न बघता म्हणाली. "अन् मिस्त्रीला मळमळतंय, तर वार्निश आज तू मार."